देव सगळीकडे आहे, मग ‘मी त्यांच्यामध्ये वस्ती करीन’ म्हणजे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात देव इस्राएल लोकांचा नेता मोशे याला सांगतो, लोकांनी माझ्यासाठी पवित्रस्थान करावं, म्हणजे मी त्यांच्यामध्ये वस्ती करीन. आकाश-पृथ्वी निर्माण करणाऱ्या, सगळीकडे असणाऱ्या देवाला तंबूत राहायला यायची काय गरज? आपल्याकडे देव चराचरात भरलेला आहे म्हणतात, तेच हे का? आणि हे नीट समजून घ्यायला काय वाचावं?

मराठी विद्यार्थ्यांना हिब्रू शास्त्र, म्हणजे ज्यूंचं बायबल (ख्रिस्ती लोकांचा जुना करार), शिकवताना हा प्रश्न मला जवळजवळ दरवर्षी ऐकू येतो, आणि विचारणाऱ्याने नेमक्या जागी बोट ठेवलेलं असतं. माझं उत्तर आधी सांगून टाकतो. देव कुठे आहे एवढंच सांगायचं असतं, तर तंबूची गरज नव्हती. या शास्त्रात वस्तीची भाषा येते ती देव कोणाशी बांधला गेला हे सांगायला. ती माणसं सरळ नाहीत हे त्याला ठाऊक आहे. तरी त्यांच्यातच राहायचं त्याने ठरवलं, आणि त्या राहण्याची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते. निर्गमापासून यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकापर्यंत मला तरी ही एकच सलग कथा दिसते.

चराचराचा मुद्दा आधी घेऊ. देव सगळीकडे आहे हे हिब्रू शास्त्राला पक्कं माहीत आहे. यिर्मयाच्या २३व्या अध्यायात देव विचारतो, आकाश आणि पृथ्वी मी भरून टाकत नाही काय? १३९व्या स्तोत्रातला कवी स्वर्गात चढला, अधोलोकात अंथरूण घातलं, समुद्रापलीकडच्या टोकाला जाऊन राहिला, तरी तिथे देव आहेच. यातून कोणीच सुटत नाही, मिसरचा (इजिप्तचा) राजा फारोसुद्धा नाही. वस्ती ही या सगळीकडे असण्याच्या वरची गोष्ट आहे. आपल्या संतांनी ज्याला सर्वांभूती पाहिलं, तो भूतमात्रात मुळातच असतो. त्याला तिथे यावं लागत नाही आणि तिथून तो जातही नाही. मोशेला मिळालेलं वचन वेगळ्या जातीचं आहे. हा देव शब्द देऊन येतो, एका ठरावीक लोकसमूहात आणि एका ठरावीक दिवशी. मिसर सोडल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तंबू उभा राहिला, असं निर्गमाचा ४०वा अध्याय तारखेनिशी नोंदवतो. शब्द देऊन आलेला, शब्द मोडला गेला तर उठून जाऊही शकतो. ही शक्यता मनात धरल्याशिवाय या उताऱ्यांतला ताण कळत नाही.

निर्गमाच्या २९व्या अध्यायाच्या शेवटी एक वाक्य आहे, त्याखाली सहसा कोणी रेघ ओढत नाही. देव म्हणतो, मी इस्राएल लोकांमध्ये राहीन, त्यांचा देव होईन, आणि त्यांना कळेल की त्यांच्यात राहावं म्हणूनच मी त्यांना मिसर देशातून बाहेर आणलं. आपण सुटकेची गोष्ट सांगतो ती गुलामी, समुद्र, रान आणि शेवटी दुधामधाचा देश अशी. इथे देव सुटकेचा हेतू स्वतःच्या तोंडाने सांगतोय, आणि त्यात कनान देशाचा उल्लेखसुद्धा नाही.

आता तंबू, म्हणजे मराठी बायबलमधला निवासमंडप. निर्गमाच्या ४० अध्यायांपैकी १३ अध्याय त्याची मापं, पडदे, फळ्या आणि कड्या यांच्यात जातात. सगळी मापं पाठ करायची गरज नाही. पण एका वस्तूपाशी जरा थांबा: कराराचा कोश. बाभळीच्या लाकडाची पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. म्हणजे लांबी एक मीटरहून थोडीच जास्त. आतून-बाहेरून सोन्याने मढवलेली. चार पायांना चार कड्या, कड्यांतून ओवलेले दोन दांडे. आणि मग एक आज्ञा: दांडे कड्यांतच राहू द्यावेत, काढू नयेत. दांडे मेजाला आहेत, वेदीलाही आहेत, पण ‘काढू नका’ ही ताकीद फक्त कोशाच्या दांड्यांना आहे. आपल्याकडे पालखी उत्सवापुरती निघते आणि देव पुन्हा गाभाऱ्यात परततो. इथे परतायला वेगळा गाभारा नाहीच. खांद्यावरून कोश जिथे उतरेल तिथे गाभारा. लोक हलले की देव हलणार, हे त्या पेटीच्या बांधणीतच घातलेलं आहे.

कोशाच्या झाकणाला मराठी बायबलमध्ये दयासन म्हटलं आहे. त्यावर दोन सोन्याचे करूब, समोरासमोर तोंडं, पंख वर पसरलेले. अशा पंखवाल्या आकृती त्या भागात सर्वांना ओळखीच्या होत्या. कनानातल्या मगिद्दो या जुन्या शहरात सापडलेल्या हस्तिदंती फलकावर राजा अशाच पंखवाल्या प्राण्यांच्या सिंहासनावर बसलेला कोरला आहे. मोशेच्या कोशावर ती बसायची जागा मोकळी आहे. ‘तिथे मी तुला भेटेन, दोन करूबांच्या मधून तुझ्याशी बोलेन,’ असं वचन आहे. जिथे सगळ्यात जास्त सोनं आणि कारागिरी ओतली, तिथे डोळ्यांना काहीच मिळत नाही. जे मिळतं ते कानांना.

गणना या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात छावणीची आखणी आहे. चार दिशांना तीन-तीन वंश, त्यांच्या आत मंडपाच्या सेवेला नेमलेला लेवी वंश आणि मधोमध निवासमंडप. मिसरच्या दुसऱ्या रामसेसने इ.स.पू. १२७४च्या सुमारास कादेशची लढाई लढली, तिची शिल्पं अबू सिंबेलच्या भिंतीवर आहेत. त्यात लष्करी तळ चौकोनी आहे आणि मधोमध राजाचा तंबू. बऱ्याच अभ्यासकांना दोन्ही आखण्यांतलं साम्य जाणवलं आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या तळात फारोच्या जागी कोण, याचं उत्तर या आखणीत मिळतं. आणि तो राहतो कशात? आतले पडदे तलम आणि करूबांच्या नक्षीचे, पण वरून आच्छादन बकऱ्याच्या केसांच्या ११ पडद्यांचं. रानात भटकणाऱ्या मेंढपाळांची राहुटी असते, तेच कापड.

एवढं झालं तरी विषयाचा गाभा अजून आलेला नाही. तो मापांच्या मध्येच घुसलेल्या तीन अध्यायांत आहे. २५ ते ३१ मध्ये तंबूचा आराखडा, ३५ ते ४० मध्ये प्रत्यक्ष काम, आणि त्यांच्यामध्ये ३२ ते ३४: सोन्याचं वासरू. डोंगरावर देव ‘मी त्यांच्यात राहीन’ म्हणून आराखडा देत असताना खाली लोक मोशेचा भाऊ अहरोन याला म्हणतायत, आमच्यापुढे चालेल असा देव आम्हाला करून दे. मागणीचं मूळ चुकीचं नाही. देव सोबत असावा हीच ती मागणी. सोनंसुद्धा त्याच जातीचं. वासरासाठी बायकापोरांच्या कानांतली कुंडलं उतरली, आणि पुढे ३५व्या अध्यायात तंबूसाठी लोक दागिने घेऊन येतात त्यातही कुंडलं आहेतच. फरक पडतो तो देव आपल्या सोयीने घडवला की त्याने स्वतःहून येण्याची वाट पाहिली, इथे.

मग ३३व्या अध्यायात देव जो प्रस्ताव ठेवतो, तो हळू वाचावा. देश मिळेल. पुढे दूत जाईल. शत्रू हाकलले जातील. दूध-मध ठरल्याप्रमाणे. फक्त मी तुमच्यामध्ये येणार नाही, कारण तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. आलो तर वाटेत तुम्हाला भस्म करून टाकीन. या वाक्यात राग आहे तितकीच काळजीही आहे. पवित्र देव आणि हे लोक एका तळात राहिले तर लोक वाचणार नाहीत, म्हणून तो दूर राहू म्हणतोय. याच अध्यायात दर्शनमंडप, म्हणजे मोशे देवाला भेटायचा तो तंबू, तळाच्या बाहेर, बराच लांब उभारलेला आहे, हे उगीच नाही. लोकांनी ही वाईट बातमी ऐकली तेव्हा ते रडले आणि कोणीच अंगावर दागिने घातले नाहीत.

आज आपल्याला हा प्रस्ताव मिळाला तर? घर, जमीन, सुरक्षितता, सगळं मिळेल, देव तेवढा नसेल. मी हा प्रश्न वर्गात टाकतो तेव्हा बराच वेळ कोणी बोलत नाही. मोशे मात्र लगेच बोलतो: तू स्वतः येणार नसशील तर आम्हाला इथून नेऊच नकोस. हे तो सीनायच्या उजाड रानात उभा राहून म्हणतोय. देवाशिवाय कनानपेक्षा देवासकट रान त्याला परवडतं. तुझी कृपा आमच्यावर आहे हे दुसरं कशावरून कळणार, असं तो पुढे विचारतो. तू आमच्याबरोबर चालतोस यावरूनच ना?

आणि ३४व्या अध्यायाच्या ९व्या वचनात मोशे जे करतो, त्याला मला तरी सबंध शास्त्रात तोड सापडलेली नाही. तो म्हणतो, प्रभू, तू आमच्यामध्ये चाल. हे लोक ताठ मानेचे आहेत, आमचे अपराध क्षमा कर आणि आम्हाला आपलं वतन करून घे. न येण्यासाठी देवाने जे कारण दिलं होतं, तेच कारण मोशे येण्यासाठी पुढे करतो. लोक वाकडे आहेत म्हणून तू येऊ नकोस असं नाही. वाकडे आहेत म्हणूनच तुझ्यावाचून त्यांचं चालायचं नाही. देवाचा नकार आणि मोशेची ही विनंती यांच्या मध्ये देवाने स्वतःची ओळख करून दिलेली आहे: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, आणि तरीही अपराधाची दखल घेणारा. मोशेने ती ओळख ऐकली आणि तिच्याच जोरावर विनंती केली. देवाने ती मानली.

यानंतर ३५ ते ४० अध्याय आराखड्यातली कडी न् कडी पुन्हा सांगतात. अनेकांना ही नुसती पुनरुक्ती वाटते. मला ती आनंदाची वाटते. रद्द होण्याच्या बेतात आलेला करार पुन्हा लागू झाला, आणि आधी ठरलं होतं त्यातलं काहीही कमी झालं नाही, हे दाखवायला प्रत्येक फळी पुन्हा मोजलेली आहे. लोकांनी तर इतकं आणून दिलं की आता पुरे, आणू नका, अशी दवंडी मोशेला पिटवावी लागली. बायकांनी दिलेल्या पितळी आरशांचं गंगाळ झालं. शेवटी मेघ उतरला, परमेश्वराच्या तेजाने निवासमंडप भरून गेला, आणि मोशेलाच आत जाता येईना. निर्गमाचं पुस्तक तिथे संपतं.

लेवीय पुस्तक त्याच क्षणापासून सुरू होतं. देव तंबूत आहे, माणूस बाहेर आहे. आता एकत्र राहायचं कसं? बळी, शुद्धाशुद्ध, सुवेर, खाणंपिणं हे सगळं या एका प्रश्नाखाली येतं. हे पुस्तक रुक्ष म्हणून सोडून देणाऱ्यांना मी नेहमी एक गोष्ट बघायला सांगतो: पापार्पणाचं रक्त कशाला लावलं जातं? पाप करणाऱ्या माणसाला ते लावत नाहीत. ते वेदीच्या शिंगांना लागतं, पडद्यासमोर शिंपडलं जातं. लेवीय पुस्तकावर आयुष्य घालवलेले ज्यू विद्वान जेकब मिल्ग्रॉम यांनी हे फार स्पष्ट मांडलं. लोकांच्या पापाचा डाग पवित्रस्थानावर बसत जातो. घर असं मळत गेलं तर एक दिवस घरधनी निघून जाईल. म्हणून ते पुन्हा पुन्हा धुवायचं. हे विवेचन सगळ्यांना सारखंच पटलेलं नाही, पण रक्त कुठे लागतं याकडे त्यांच्यानंतर कोणालाच दुर्लक्ष करता आलेलं नाही.

वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, महायाजक सर्वांत आतल्या दालनात, परमपवित्रस्थानात, जाऊन दयासनावर रक्त शिंपडतो. त्या विधीच्या मध्यावर, १६व्या अध्यायाच्या १६व्या वचनात, दर्शनमंडपाचं, म्हणजे याच निवासमंडपाचं, वर्णन येतं: जो त्यांच्या अशुद्धतेच्या मधोमध त्यांच्यासोबत वसतो, तो. देव शुद्ध माणसांत राहतो असं इथे म्हटलेलं नाही. अशुद्धतेच्या मधोमध राहतो म्हटलं आहे, आणि ते राहणं टिकावं म्हणून दरवर्षी साफसफाईचा दिवसही स्वतःच नेमून देतो. याच पुस्तकाच्या १०व्या अध्यायात अहरोनाचे मुलगे नादाब आणि अबीहू आगंतुकपणे अग्नी घेऊन जातात आणि तिथेच मरतात. ते वाचून देव क्रूर वाटतो असं म्हणणाऱ्यांनी १६:१६ त्याच्या शेजारी ठेवून पाहावं. दोन्ही खरं आहे, आणि एकाशिवाय दुसरं समजत नाही.

वर्षातून एकदाचा हा साफसफाईचा दिवस म्हणजे योम किप्पूर, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, आणि त्याच्याशी मराठीचं जुनं नातं आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, त्याला दारफाळणीचा सण म्हणत. दारं लावून घ्यायची, उपास करायचा, पांढरे कपडे घालायचे. त्यांच्याजवळ ना याजक होता ना मंदिर, आणि पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू ग्रंथाची गुंडाळीही नव्हती. तरी तो दिवस घराघरांतून पाळला जात राहिला.

वस्तीचा परिणाम फक्त वेदीपुरता नाही. अनुवाद या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात तळाबाहेर शौचाला जाताना सोबत खणायचं हत्यार ठेवावं, खड्डा करावा आणि मळ मातीने झाकावा अशी आज्ञा आहे. कारण तुझा देव परमेश्वर तुझ्या तळातून चालत असतो. गणनेच्या ३५व्या अध्यायात खुनाविषयी लिहिलं आहे: रक्तपाताने देश विटाळतो, तो विटाळू नका, कारण मी तिथे इस्राएल लोकांमध्ये राहतो. मळ झाकायचा का, तर देव इथे राहतो. निरपराध्याचं रक्त सांडायचं नाही का, तर देव इथे राहतो. एकाच कारणात एवढ्या दूरच्या दोन गोष्टी आणून बसवणारं दुसरं शास्त्र मी वाचलेलं नाही.

मंदिराबद्दल थोडक्यात सांगतो. इस्राएलचा राजा दावीद गंधसरूच्या महालात बसून म्हणतो, मी इथे आणि देवाचा कोश कनातीत, हे बरं नाही. नाथान संदेष्ट्याच्या तोंडून देव विचारतो, मी तुमच्याबरोबर तंबूतच फिरत आलो. गंधसरूचं घर का बांधलं नाही असं मी कधी कोणाला म्हटलं? पुढे त्याचा मुलगा शलमोन यरुशलेमेत मंदिर बांधतो, आणि उद्घाटनाच्या प्रार्थनेत स्वतःच म्हणतो, देव खरोखर पृथ्वीवर राहील काय? स्वर्ग आणि स्वर्गांचा स्वर्गही तुला पुरत नाही, मग हे घर कसं पुरेल? त्या समारंभाचं वर्णन करताना १ राजेचा ८वा अध्याय एक बारीक तपशील टिपतो. कोश आत ठेवला तेव्हा त्याचे दांडे इतके लांब होते की त्यांची टोकं आतल्या दालनासमोरच्या पवित्रस्थानातून दिसत. दगडी घर झालं, सोन्याने मढवलं, तरी दांडे कोणी काढले नाहीत.

सीरियात अलेप्पोच्या वायव्येला ऐन दारा इथे त्याच सुमाराचं एक मंदिर आहे. शलमोनाच्या मंदिराच्या वर्णनाशी त्याची बांधणी पुष्कळ जुळते. त्याच्या उंबऱ्यांच्या दगडांत जवळजवळ मीटरभर लांबीची पावलं कोरलेली आहेत: आधी दोन्ही पावलं, मग पुढे डावं, मग आणखी आत उजवं. देव चालत आत गेला आणि तिथे राहिला. २०१८च्या जानेवारीत हवाई हल्ल्यात या मंदिराची मोठी हानी झाली, याचं मला मनापासून दुःख आहे. देवाचं घर म्हणजे काय याबद्दल त्या काळच्या माणसाची समजूत इतक्या थेट दाखवणारी जागा विरळाच. देव घरात आहे, म्हणून शहर सुरक्षित आहे; यरुशलेमेच्या लोकांनाही असंच वाटू लागलं होतं.

यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या दारात उभं राहून त्याच समजुतीवर घाव घातला. ‘परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर’ हा लोकांचा मंत्र तो त्यांनाच ऐकवतो आणि म्हणतो, या फसव्या शब्दांवर भिस्त ठेवू नका. परका, पोरका आणि विधवा यांच्यावर जुलूम करू नका, निरपराध्याचं रक्त सांडू नका, तर या जागी राहणं होईल. नाहीतर शिलोला, त्या जुन्या उद्ध्वस्त पवित्रस्थानी, जाऊन बघा, तिथेही माझं नाव होतं. ती गणनेचीच भाषा आहे, फक्त आता रानात उभारलेल्या तळाऐवजी राजधानीला सुनावलेली.

आणि मग यहेज्केल. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून जी माणसं धरून नेली त्यांत हा याजक घराण्यातला तरुण होता. मंदिर शेकडो मैल दूर. अशा वेळी खबार नदीकाठी त्याला देवाचं तेज दिसतं, आणि त्या सिंहासनाला चाकं आहेत. चाकांत चाकं, चारी दिशांना जाऊ शकणारी. कोशाचे दांडे लक्षात असतील तर ही चाकं अनोळखी वाटत नाहीत.

पुढच्या वर्षी, ८ ते ११ अध्यायांत, त्याला दृष्टान्तात मंदिरात नेलं जातं. भिंतींवर किळसवाण्या प्राण्यांची चित्रं, देवळाकडे पाठ करून सूर्याला नमन करणारी माणसं, देश जुलमाने भरलेला. देवाचं तेज करूबावरून उठतं आणि मंदिराच्या उंबऱ्यावर येऊन थांबतं. मग पूर्वेच्या दाराशी येऊन थांबतं. मग शहर सोडून पूर्वेकडच्या डोंगरावर जाऊन उभं राहतं. प्रत्येक टप्प्यावर थांबणं आहे; पाय निघत नाही असं वाटतं. ऐन दाराची पावलं आत जातात, इथलं पाऊल बाहेर पडतं. इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिर जळालं तेव्हा, यहेज्केलाच्या सांगण्यानुसार, देव हरला नव्हता. त्या घरात तो उरलाच नव्हता.

याच दृष्टान्तात एक छोटं वाक्य आहे, ११व्या अध्यायाचं १६वं वचन. यरुशलेमेत मागे राहिलेले लोक बंदिवानांबद्दल म्हणत होते, ते परमेश्वरापासून दूर गेले, आता देश आमचा. देव उत्तर देतो: मी त्यांना दूर देशांत पांगवलं हे खरं, पण ज्या देशांत ते गेले तिथे थोडा काळ मीच त्यांचं पवित्रस्थान झालो. दगड नाही, पडदा नाही, कोश नाही. जे मंदिर करायचं ते देव स्वतःच झाला. पूर्वेकडे निघालेलं तेज कुठे चाललं होतं, हे इथे कळतं. बंदिवान पूर्वेलाच होते.

निर्गम आणि लेवीय यांतले तंबूचे आणि बळींचे उतारे, बऱ्याच अभ्यासकांच्या मते, आजच्या रूपात आले ते याच बंदिवासाच्या आसपास. ते मान्य केलं तर तंबूची कथा जास्तच बोलकी होते. मंदिर गमावलेले लोक आठवण जपतायत ती दगडी घराआधीच्या, खांद्यावरून चालणाऱ्या घराची. शेवटी ४३व्या अध्यायात यहेज्केल तेज परत येताना पाहतो, गेलं होतं त्याच पूर्वेकडून, आणि पुस्तक संपतं ते नगरीच्या नव्या नावावर: परमेश्वर तिथे आहे.

बंदिवासानंतर इ.स.पू. ५१५च्या सुमारास दुसरं मंदिर उभं राहिलं. त्यात कोश नव्हता. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी परमपवित्रस्थानात घुसला, तेव्हा आत कोणत्याही देवाची मूर्ती नव्हती, दालन रिकामं होतं, असं टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो. इ.स. ७० मध्ये तेही मंदिर रोमनांनी जाळलं. त्यानंतर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, शखीना या शब्दाने देवाच्या वस्तीबद्दल बोलायला सुरुवात केली. प्रवचनांत ‘शखीना तेज’ बायबलमधलं म्हणून सर्रास सांगितलं जातं. हा शब्द हिब्रू शास्त्रात कुठेही नाही, तो नंतरचा आहे. कल्पना मात्र यहेज्केलाचीच वाट पुढे नेते: इस्राएल जिथे जिथे बंदिवासात गेले, तिथे तिथे शखीना त्यांच्याबरोबर गेली, असं तलमुद हा त्यांचा ग्रंथ म्हणतो. ख्रिस्ती वाचक योहानाच्या पहिल्या अध्यायात, शब्द देही झाला आणि त्याने आपल्यामध्ये वस्ती केली, या वाक्यात तोच तंबू ओळखतात. दोन्ही वाटा निर्गमातूनच निघतात, आणि एकीवर चालणाऱ्याने दुसरीला कमी लेखायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सुटून जाते, म्हणून मुद्दाम सांगतो. तंबूचा आराखडा संपतो तो शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आज्ञेने, आणि काम सुरू होतं तेही शब्बाथाच्या आज्ञेने. देवाचं घर बांधायचं कामसुद्धा सातव्या दिवशी बंद. म्हणजे घर नसतानाही देवाबरोबर राहायला एक जागा उरते, आणि ती काळातली असते. कोकणात बेने इस्राएलांना शनिवार तेली म्हणत, कारण तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत. मंदिर नाही, याजक नाही, वाचायला ग्रंथ नाही, पण तो दिवस त्यांनी सोडला नाही. वस्ती टिकते कशी याचं इतकं ठोस उदाहरण मराठी मुलखातच असताना ते आपल्याला कोणी सांगत नाही, याची खंत वाटते.

आता वाचनाचं. २५व्या अध्यायापासून सुरुवात करू नका, मापांत अडकाल. निर्गम ३२ ते ३४ आधी वाचा, मग २५ ते ३१ आणि ३५ ते ४०. ४०वा अध्याय संपला की लगेच लेवीयाचं पहिलं वचन वाचा, मग थेट १६वा अध्याय. १ राजेचा ८वा अध्याय वाचताना शलमोन ‘तू स्वर्गातून ऐक’ किती वेळा म्हणतो ते पेन्सिलीने खुणा करत मोजा, आणि परदेशी माणसाच्या प्रार्थनेबद्दल तो काय मागतो तेही पाहा. यहेज्केलाचे ८ ते ११ एका बैठकीत वाचा, तुकड्यातुकड्याने नको. तेजाचं थांबत थांबत जाणं तुकड्यांत हरवतं. शेवटी यशयाच्या ५७व्या अध्यायाचं १५वं वचन, जिथे उच्च आणि पवित्र स्थानी राहणारा देव, पिचलेल्या आणि नम्र मनाच्या माणसापाशीही मी राहतो, असं एकाच श्वासात म्हणतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे दोन्ही भाग त्या एका वचनात शेजारी शेजारी आहेत.